हेमलकशाचे तारू आणि आमच्या डोंगरातील बिबट्या

वन्य पशूंचा खरा मित्र कोणास म्हणावे, असे आमच्या वर्गातील मुलांस विचारले असता बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: एक मनुष्य बसला आहे, त्याच्या मांडीवर बिबट्याचे डोके आहे, आणि सभोवार लोक कौतुकाने पाहत आहेत. हे चित्र मुलांनी मनाने रचलेले नव्हे. मोबाइलवर, दूरचित्रवाणीवर व वृत्तपत्रांत त्यांनी ते कित्येक वेळा पाहिलेले आहे. त्या चित्रात दिसते ते खोटे, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु त्या चौकटीत जे मावलेले नाही तेच अधिक मोलाचे होय. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीस पाठ लावून राहणाऱ्या आम्हां उपनगरवासीयांस तर ते समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

जनावरांचा सांभाळ करणाऱ्याने नाटक-सिनेमातील नायकासारखे गाजावे, ही गोष्ट फार जुनी नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात बीअरवा या गावी स्टीव्ह अर्विन याच्या आईबापांनी 1970 साली सरपटणाऱ्या प्राण्यांचे एक लहानसे उद्यान काढले. त्या उद्यानात मगरींच्या संगतीत वाढलेला हा मुलगा पुढे ‘क्रोकोडाइल हंटर’ या मालिकेमुळे जगभर घरोघरी ओळखला जाऊ लागला. मिळालेल्या द्रव्यातून त्याने वन्य प्राण्यांसाठी जमिनी विकत घेतल्या, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. तथापि 2004 च्या जानेवारीत एका हातावर आपले तान्हे मूल घेऊन दुसऱ्या हाताने मगरीस मांस चारण्याचा प्रकार त्याने प्रेक्षकांसमोर केला, तेव्हा कौतुक करणारेही शहारले. 4 सप्टेंबर 2006 रोजी समुद्रात चित्रीकरण चालू असता पाकट माशाची नांगी छातीत शिरून वयाच्या 44 व्या वर्षी त्याचा अंत झाला. याच्या पुढची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. त्याच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर शेपट्या तोडलेले मृत पाकट आढळले. जन्मभर ज्याने प्राण्यांवर प्रेम करा म्हणून कंठशोष केला, त्याच्यावरील प्रेमापोटी कोणीतरी प्राण्यांचाच सूड घेतला असावा, असा तर्क त्या वेळी झाला. लोकांनी नायक उचलला आणि त्याचा उपदेश तेथेच टाकून दिला, यापेक्षा दुसरा अर्थ आम्हांस तरी लावता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असे धाडस झालेले आहे. 1980 साली पुण्यात नीलमकुमार खैरे हे 72 विषारी सापांच्या संगतीत काचेच्या खोलीत 72 तास राहिले. डिवचल्यावाचून साप चावत नाही हे लोकांस डोळ्यांनी दिसावे, हा त्यांचा हेतू. तमाशा म्हणावा तर तो तमाशाच होता. पण त्याच्या पोटी 1986 साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, आणि दिसेल तो साप ठेचून मारण्याच्या आपल्या जुन्या खोडीस थोडासा तरी आळा बसला. म्हणून आम्ही त्या तमाशास दोष देत नाही. दोष द्यावयाचा तो त्याच्या नकलेस. आज आमच्या उपनगरांत पावसाळा सुरू झाला की नाग, घोणस, धामण वस्तीत येतात, आणि त्यांस सुखरूप धरून रानात नेणारे कित्येक सर्पमित्र मध्यरात्रीही हाकेस धावून जातात. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांच्याच नावावर कोणी उनाड पोरगा नागाचा फणा ओठांशी नेऊन रील काढतो, आणि त्यास पाहणारे आणखी शंभर. अशा पोरांतले काही प्राणांस मुकले आहेत. खैऱ्यांच्या 72 तासांतील धैर्य या पोरांनी घेतले. ज्या शिकवणीसाठी ते धैर्य खर्ची पडले ती मात्र घेतली नाही.

आता ज्यांचे चित्र आमच्या मुलांच्या मनात विशेष ठसलेले आहे त्या डॉक्टर प्रकाश आमट्यांकडे वळू.

कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविणारे बाबा आमटे यांचे हे धाकटे चिरंजीव. जन्म 1948 सालचा. नागपुरास वैद्यकीची पदवी घेऊन ते शस्त्रवैद्यकीचे पुढील शिक्षण घेत होते. ते अर्ध्यावर टाकून त्यांनी अरण्याची वाट धरली. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ झाला. आज हा मुलूख गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातही नव्हता, तो 1982 साली चांदा जिल्ह्यातून निराळा झाला. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या तेथे मिळतात आणि पावसाळ्यात सारा प्रदेश जगापासून तुटतो. वीज नाही, रस्ता नाही, आणि ज्यांची सेवा करावयाची त्या माडिया गोंड लोकांची भाषा ठाऊक नाही, अशा स्थितीत पत्नी डॉक्टर मंदाकिनी यांसह त्यांनी झोपडीत संसार मांडला आणि झाडाखाली दवाखाना. मंदाताई भूलतज्ज्ञ, अर्थात भूल देणारी आणि शस्त्र चालविणारा, दोघेही एकाच झोपडीत मिळाल्याने जे रोगी अन्यथा वाटेतच मेले असते ते जगले. अंगात बंडी व अर्धी चड्डी हा आमट्यांचा वेष तेथूनचा. रोग्याच्या अंगावर वस्त्र नाही आणि वैद्य मात्र पूर्ण पोशाखात, हे त्यांस रुचले नाही.

जनावरांचा संबंध येथे कसा आला? आवडीपायी नव्हे. प्रारंभीच्या दिवसांत एकदा पारधीवरून परतणारे काही माडिया त्यांस भेटले. मारलेल्या माकडिणीचे प्रेत त्यांनी काठीला बांधलेले होते आणि तिचे जिवंत पिल्लू त्या मृत मातेच्या स्तनास लुचत होते. पिल्लाचे काय करणार, असे विचारता खाणार, असे उत्तर मिळाले. त्यात क्रौर्य नव्हते. घरी भुकेली माणसे होती. आमट्यांनी धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतले. ते बबली नावाने वाढले. त्यानंतर अस्वले आली, बिबटे आले, तरस, कोल्हे, हरणे, साळिंदर, शेकरू, मगरी, घुबडे, मोर, साप, सारे आले. पुढे माडिया लोक स्वतः होऊन पोरकी पिल्ले आणून देऊ लागले. अशा रीतीने जे अनाथालय उभे राहिले त्यास इंग्रजीत ‘ॲनिमल आर्क’, म्हणजे प्राण्यांचे तारू, असे नाव पडले.

कोणी शंका घेईल की, पिल्लास मोबदला मिळू लागल्याने पारध वाढली तर नसेल? शंका रास्त आहे. परंतु आई मारली जात होती ती हंडीसाठी. पिल्लू हे त्या पारधीतील एक घास, फार तर दोन. तो घास धान्याने भरून निघाला तर आईला मारण्याचे कारण वाढत नाही. आणि आमटे केवळ धान्य देऊन थांबले असते तर शंकेस जागा राहिली असती. त्यांनी दवाखाना चालविला, 1976 साली निवासी शाळा काढली, शेती व भाजीपाला करण्यास लोकांस शिकविले. घरात भात शिजू लागला, तसतशी माकडामागे धावण्याची निकड कमी झाली. वन्य पशूंच्या रक्षणाचा त्यांनी काढलेला हा मार्ग आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटतो. वाघ वाचवा म्हणून शहरात पाट्या लावणे सोपे आहे. अरण्यातील माणसाची भूक भागवून अरण्यातील हरिण वाचविणे, त्यास पन्नास वर्षे लागतात.

कीर्ती यथावकाश आली. 1995 साली मोनाको या चिमुकल्या राज्याने आमटे दांपत्याचे टपाल तिकीट काढले. 2002 साली पद्मश्री मिळाली. 2008 साली पतिपत्नींस मिळून मॅगसेसे पुरस्कार लाभला. ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन आणि प्राण्यांविषयीचे ‘रानमित्र’ ही त्यांची पुस्तके आमच्या ग्रंथालयातून सदा बाहेरच असतात. 2014 साली नाना पाटेकरांनी त्यांची भूमिका केलेला चित्रपट निघाला, आणि 2018 साली ‘कौन बनेगा करोडपती’ मध्ये दोघे बसलेले साऱ्या देशाने पाहिले. या सर्व कीर्तीत लोकांनी उचलले ते पुन्हा बिबट्याचेच चित्र. मलेरियाने मरणारा रोगी वाचविल्याचे चित्र नीट निघत नाही, हे एक कारण असेल. रोज पिंजरे धुणे, मांसाहारी जनावरांसाठी मांस आणणे, आजारी अस्वलाच्या तोंडात औषध घालणे, याचे चित्र निघते. पण ते कोणी पाहत नाही.

तारू हा शब्द आम्हांस परिचयाचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहाने प्राणी तारवात घेतले ते ठेवून घेण्यासाठी नव्हे. पाणी ओसरले, भूमी कोरडी झाली, तेव्हा सर्व जनावरे आपापल्या जातीप्रमाणे बाहेर निघाली आणि नोहाचे काम तेथे संपले. हेमलकशाच्या तारवास मात्र उतरणीचा दिवस ठाऊक नाही. बाटलीने दूध पाजून वाढविलेल्या बिबट्यास शिकार करणे आईने शिकविलेले नसते. आणि माणसाचे भय, जे रानातील बिबट्याचे खरे कवच, तेही त्याच्या ठायी नसते. अशा जनावरास अरण्यात सोडले तर ते भुकेने गावाकडेच येईल आणि तेथे मरेल किंवा मारील. म्हणून त्याचा सर्व जन्म कुंपणाच्या आत. मांडीवर डोके ठेवलेला तो बिबट्या सुखी दिसतो; कदाचित असेलही. परंतु त्याच्या त्या विश्वासाची किंमत त्याच्या रानाएवढी आहे, आणि ती त्यानेच दिलेली आहे. हे आमट्यांचे न्यून नव्हे. त्यांच्या हाती ते आले तेव्हा त्याची आई मेलेली होती.

2010 नंतरच्या दशकात जनावरे अशा रीतीने हाताळण्यावरून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आणि आमटे यांच्यात मतभेद होऊन तो वृत्तपत्रांत पुष्कळ गाजला. लोकमत बहुतेक आमट्यांच्या बाजूस गेले. पन्नास वर्षे अरण्यात काढलेल्या माणसास दिल्लीच्या कचेरीने प्राणी कसा धरावा ते शिकवू नये, असा सूर होता. आम्हांस तो सूर पूर्णपणे मान्य नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1992 साली स्थापन झालेले हे प्राधिकरण यांच्यापूर्वी आपल्या देशात सर्कशीत, रस्त्यावर व जहागीरदारांच्या वाड्यांत जनावरांची काय दशा होती, याची आठवण जुन्या मंडळींस आहे. नियम करताना तो एका आमट्यांसाठी करता येत नाही. आमट्यांचे नाव पुढे करून उद्या फार्महाऊसवर बिबट्या पाळू पाहणाऱ्यासही तो लागू पडावा लागतो. उलट पक्षी, ज्या हाताने पिल्लास जगविले तो हात एकाएकी काढून घेतला तर त्या जनावरास ती दुसऱ्यांदा पोरके झाल्यासारखी अवस्था होईल, हेही प्राधिकरणाने ध्यानात घेतले पाहिजे. आमचे मत विचाराल तर स्पष्ट सांगतो: सांभाळणाऱ्याचा हात राहू द्यावा, प्रेक्षक आणि कॅमेरा मात्र तेथून हलवावा. पिंजऱ्याच्या आत जे प्रेम चालते त्याचे प्रदर्शन भरविल्याने प्राण्याचे काडीचेही हित होत नाही, आणि पाहणाऱ्या मुलाच्या मनात एक खोटी समजूत मात्र कायमची घर करते.

ती समजूत हेमलकशास धोक्याची नसेल. आमच्याकडे ती प्राणघातक आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अवघे 103 चौरस किलोमीटरांचे, आणि त्याच्या चहूबाजूंस लक्षावधी माणसे. 2015 साली कॅमेरे लावून केलेल्या गणनेत या परिसरात 35 बिबटे आढळले. 2018 च्या गणनेत 47. अंधेरीजवळच्या आरे वसाहतीत, मुलुंडच्या डोंगरउतारावरील इमारतींच्या आवारात, घोडबंदरच्या वाटेवर ते रात्री हिंडतात. आणि बहुतेक रात्री कोणास कळतही नाही. कळते ते जेव्हा अनर्थ घडतो तेव्हा. 2004 सालच्या एकट्या जून महिन्यात या भागात बिबट्यांच्या हल्ल्यांत दहाच्या आसपास माणसे दगावली. 2022 सालच्या दिवाळीत आरे वसाहतीत एका तान्ह्या बालकाचा बळी गेला. ज्या घरी असा प्रसंग आला त्या घरास वन्य पशूंवरील प्रेमाचे व्याख्यान देण्यास आमची जीभ धजत नाही.

2004 चा अनर्थ का ओढवला, याचा अभ्यासकांनी पुष्कळ विचार केला आहे, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष आमच्या विषयास फार लागू पडतो. त्या सुमारास राज्यात वस्तीजवळ दिसलेला बिबट्या पिंजऱ्यात धरावा आणि दूरच्या जंगलात सोडावा, अशी रीत होती. बाहेर धरलेले काही बिबटे या उद्यानातही सोडले गेले होते. हेतू दयेचाच होता. पण बिबट्यास आपला मुलूख असतो; अनोळखी जागी, दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दीत टाकलेले, पिंजऱ्यात माणसांचा कोलाहल सोसलेले ते जनावर बिथरते. जुन्नर भागातील बिबट्यांच्या अशा स्थलांतराचा डॉक्टर विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला, तेव्हा जेथे बिबटे नेऊन सोडले तेथे माणसांवरील हल्ले वाढल्याचे आढळून आले. यास्तव बिबट्या नुसता दिसला म्हणून त्यास धरू नये, असे धोरण पुढे आले. 2011 साली उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी नागरिक व अभ्यासक यांस बरोबर घेऊन वस्त्यावस्त्यांतून हेच समजावण्याचा उपक्रम चालविला. धरणे, उचलणे, जवळ घेणे, यांत मनुष्याच्या मनाचे समाधान असते. बिबट्याचे हित बहुधा त्यास न शिवण्यात असते.

याचे आम्हांस सर्वांत आवडणारे उदाहरण जुन्नर-नाशिककडील उसाच्या फडांतले आहे. तिकडे बिबट्याची मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की कोयत्यापुढे दोन-तीन आठवड्यांची बछडी सापडतात. पूर्वी गावकरी ती उचलून आणीत, मुले खेळवीत, फोटो निघत. आणि पिल्ले न मिळाल्याने खवळलेली आई रात्री शिवारात फिरे. आता वनखात्याची माणसे व पशुवैद्य येऊन पिल्लांची तपासणी करतात आणि सूर्य मावळता मावळता ती सापडल्या जागीच एका खोक्यात ठेवून सर्वांना दूर हटवितात. दूरवर लावलेल्या कॅमेऱ्यात रात्री दिसते ते इतकेच: आई येते, हुंगते, खोके कलंडते, आणि एकेक पिल्लू मानेस धरून ती अंधारात नेते. त्या चित्रात मनुष्य कोठेही नसतो. हेमलकशाच्या माकडिणीची गोष्ट आणि ही गोष्ट आम्ही मुलांस नेहमी एकापाठोपाठ एक सांगतो. पहिलीत आई मेलेली आहे, दुसरीत जिवंत आहे. मनुष्याने काय करावे हे त्यावरून ठरते.

तेव्हा आमट्यांसारखे व्हावे असे ज्या मुलास वाटते त्याने मुलुंड-बोरिवलीत राहून काय करावे? बिबट्या भटक्या कुत्र्यांच्या मागे वस्तीत येतो आणि कुत्री उकिरड्यावर पोसतात. शाळेमागील नाल्यात आज जो कचरा पडतो त्यात आमच्या मधल्या सुट्टीच्या डब्यांतील उष्ट्याचाही भाग आहे, हे आम्ही स्वच्छ सांगतो. अंधार पडल्यावर उद्यानाच्या कडेच्या वाटेने लहान भावंडास एकटे पाठवू नये. घरात शौचालय नसल्याने ज्यांस उघड्यावर जावे लागते अशा पाड्यांत ते व्हावे म्हणून मोठ्यांनी खटपट करावी, कारण उकिडवे बसलेले माणूस बिबट्यास लहान जनावरासारखे दिसते. आमट्यांनी माडियांच्या हंडीपासून आरंभ केला. आमचा आरंभ नाल्यापासून व दिव्यापासून. हे काम कोणाच्या नजरेस पडण्याजोगे नाही, हे आम्ही जाणून आहो.

एक गोष्ट आणखी. बोरिवलीस उद्यानात जखमी, पोरक्या व परत सोडता न येणाऱ्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. तेथे त्यांस खाऊ घालणारे, त्यांची जागा झाडणारे वनखात्याचे सेवक वर्षानुवर्षे काम करीत आहेत. त्यांच्यावर चित्रपट निघालेला नाही. उद्यानातील बंदिस्त प्राण्याचा वर्षाचा खर्च उचलून त्यास नावाने दत्तक घेण्याची सोय वनखात्याने काही वर्षांपूर्वी सुरू केली आहे. आमच्या निसर्गमंडळाने सहलीस जाताना लागणारा खाऊचा पैसा यंदा या कामी लावावा, अशी सूचना आम्ही मुख्याध्यापकांपुढे ठेविली असून इयत्ता आठवी व नववीच्या मुलांनी वर्गणी जमविण्यास आरंभही केला आहे. दत्तक बिबट्याबरोबर फोटो काढता येईल काय, असा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. येणार नाही, असे आम्ही सांगितले. तरी वर्गणी थांबलेली नाही. किती जमली ते पुढील वर्षीच्या अंकात कळवू.